मुलांच्या नोंदींवरून उद्याचा तास कसा ठरवायचा? नव्या प्राथमिक शिक्षकांसाठी

शिक्षणसेवक म्हणून रुजू झालात की पहिले काही दिवस कागदांतच जातात. हजेरीपट, पोषण आहाराची रोजची नोंद, यू-डायस आणि सरल या ऑनलाइन प्रणालींत भरायची माहिती, आधार जुळणी, चाचण्यांचे गुण. ही सगळी माहिती शाळेतून वर जाते. केंद्रावर (जवळच्या शाळांचा गट), तालुक्याच्या गटसाधन केंद्रात, जिल्हा परिषदेत किंवा महापालिकेत तिचा उपयोग असतो आणि ती वेळेवर गेलीच पाहिजे. पण तिच्यातलं फार थोडं तुमच्या वर्गात परत येतं. या लेखात दुसऱ्या प्रकारच्या माहितीबद्दल लिहितो आहे, जी तुम्ही स्वतः गोळा करता, स्वतः वाचता आणि जिच्यावरून उद्या फळ्यावर काय लिहायचं ते ठरतं. माझी कसोटी सोपी आहे: जी नोंद घेतल्यावर तुमचा पुढचा तास बदलत नाही, ती नोंद वर्गासाठी घेऊ नका. वेळ वाचेल आणि तो मुलांना मिळेल.

पहिली पायरी: जे आधीच आहे ते वाचा

मागच्या वर्षीचं प्रगतीपत्रक आणि वर्णनात्मक नोंदवही मुख्याध्यापकांकडून मागून घ्या. श्रेणी बघून फारसं हाती लागत नाही. ब-१ म्हणजे ७१ ते ८० टक्के एवढंच कळतं, मुलाला भागाकार येतो की नाही ते कळत नाही. उपयोग होतो तो दोन गोष्टींचा: मागच्या वर्षीची महिनावार हजेरी आणि आधीच्या शिक्षकांशी अर्धा तास गप्पा. ते त्याच शाळेत असतील तर खिचडीच्या सुट्टीत बसा, बदलून गेले असतील तर फोन करा. त्यांना एकच विचारा: कोणत्या मुलांना काय केल्यावर जमलं? 'कोण हुशार, कोण कच्चं' हे विचारू नका, कारण ते उत्तर डोक्यात बसलं की तुम्ही मुलाकडे त्याच नजरेनं बघू लागता.

दुसरी पायरी: प्रत्येकाला एकेकटं वाचायला लावा

आपल्याकडे विदर्भात उन्हामुळे शाळा राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडते. मग पोळ्यापर्यंत हातात फार दिवस नसतात. म्हणून जुलैचा पहिला पंधरवडा याच कामाला द्या. रोज चार-पाच मुलं घेतली तर तेवढ्यात वर्ग सहज होतो.

पद्धत ही. व्हरांड्यात किंवा वर्गाच्या कोपऱ्यात मुलाला शेजारी बसवा, समोर नाही. एका कागदावर मोठ्या अक्षरांत चार गोष्टी तयार ठेवा: काही सुटी अक्षरं, काही सोपे शब्द, चार सोप्या वाक्यांचा परिच्छेद आणि एक छोटी गोष्ट. मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या 'असर' सर्वेक्षणात २००५ पासून हीच उतरंड वापरतात आणि आपल्याकडच्या बहुतेक शिक्षकांना ती ठाऊक आहे. परिच्छेदापासून सुरुवात करा. तो सहज वाचला तर गोष्टीकडे जा, अडखळला तर शब्दांकडे, तिथेही अडलं तर अक्षरांकडे. मूल वाचत असताना मध्येच दुरुस्त करू नका. 'छान, पुढे' एवढंच म्हणा. तपासणीच्या वेळी शिकवायला लागलो की मुलाला काय येतं ते कळत नाही आणि मूलही घाबरतं.

गोष्ट वाचणाऱ्या मुलांसाठी मोबाइलवर एक मिनिट लावा आणि बरोबर वाचलेले शब्द मोजा. निपुण भारत या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणित अभियानाच्या उद्दिष्टांनुसार दुसरीच्या शेवटी मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीच्या शेवटी किमान ६० शब्द अर्थासह वाचता यायला हवेत. 'अर्थासह' हा भाग विसरू नका. वाचून झालं की दोन प्रश्न विचारा. एक असा की ज्याचं उत्तर मजकुरात सरळ सापडतं, दुसरा असा की ज्याला थोडा विचार करावा लागतो.

नागपुरात हा दुसरा प्रश्न फार महत्त्वाचा ठरतो. शहरातल्या मराठी शाळांत घरी हिंदी बोलणारी पुष्कळ मुलं असतात, बांधकामावर आणि वीटभट्ट्यांवर आलेल्या छत्तीसगड-मध्य प्रदेशातल्या कुटुंबांची मुलं असतात आणि रामटेक-पारशिवनीकडे घरी गोंडी बोलणारी मुलं असतात. हिंदी वाचता येणाऱ्या मुलाला देवनागरी लिपी नवी नसते. ते मूल मराठी परिच्छेद धडाधड वाचून दाखवतं आणि अर्थ विचारला की गप्प बसतं. त्याला वाचनाचा सराव देऊन काही होणार नाही. त्याला मराठी ऐकायला आणि बोलायला मिळालं पाहिजे. उलट अक्षरावर अडखळणारं पण गोष्ट ऐकून सगळी उत्तरं देणारं मूल भाषेत मागे नसतं, त्याला अक्षरं शिकवायची असतात. चाचणीत दोघांनाही सारखेच कमी गुण पडतात.

बोलीचंही ध्यानात ठेवा. मूल 'पाणी' पाहून 'पानी' म्हणालं किंवा 'डोळा' वाचताना 'डोया' म्हणालं, तर त्यानं शब्द बरोबर वाचला आहे, फक्त घरच्या उच्चारात. ती वाचनाची चूक म्हणून मोजू नका. तोच 'पानी' श्रुतलेखनात आला तर लेखनाची वेगळी नोंद करा. ण आणि ळ लिहिण्याचा सराव नंतर वेगळा घेता येतो. या दोन गोष्टी एकत्र केल्या की चांगलं वाचणाऱ्या कितीतरी मुलांवर 'वाचन कच्चं' असा शिक्का बसतो आणि तो पुसायला वर्ष जातं.

तिसरी पायरी: गणितात चुकीचं उत्तर जपून ठेवा

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ द्या. बरोबर उत्तर मुलाला येतं एवढंच सांगतं. चुकीच्या उत्तरात मुलानं काय विचार केला ते असतं.

समजा तिसरीच्या वर्गाला ५२ − ३७ ही वजाबाकी दिली. बरोबर उत्तर १५. वह्या गोळा केल्यावर काहींचं ८९ आलेलं दिसेल. त्यांनी चिन्ह न बघता बेरीज केली. काहींचं १४ किंवा १६ असेल. त्यांना रीत समजली आहे, मोजताना एकानं घसरले. आणि बऱ्याच जणांचं २५ असेल. इथे थांबा. २५ हे उत्तर दोन वेगळ्या वाटांनी येतं. पहिल्या वाटेत मूल एककस्थानी २ मधून ७ जात नाहीत म्हणून ७ मधूनच २ वजा करतं. जवळ बसवून विचारलं की आपल्याकडचं मूल ठामपणे सांगतं, "मोठ्यातून लहान काढाचा राह्यते ना, सर!" दुसऱ्या वाटेत मूल दशक सुटा करतं, १२ मधून ७ वजा करून ५ लिहितं, पण दशकस्थानचे ५ कमी करून ४ करायचं राहून जातं आणि ५ मधून ३ गेले २ असं लिहितं.

पहिल्या मुलाला दशक सुटा करणं म्हणजे काय हेच कळलेलं नाही. त्याला काड्यांचे गठ्ठे हातात द्या. गठ्ठ्याचं रबर काढून दहा काड्या मोकळ्या करू द्या. हे त्यानं पुष्कळदा केलं पाहिजे, वहीत लिहिण्याआधी. दुसऱ्या मुलाला हे सगळं समजलं आहे. दशकावर काट मारून वर कमी झालेला अंक लिहायची सवय लागली की त्याचं काम झालं. त्याला पुन्हा काड्यांपासून सुरू करायला लावलं तर ते कंटाळेल.

मग दोघांना वेगळं कसं ओळखायचं? उदाहरण बदला. ५३ − ३७ द्या. पहिल्या वाटेनं उत्तर २४ येतं, दुसऱ्या वाटेनं २६. आता वह्या बघताक्षणी कळतं. ५२ − ३७ मध्ये घोळ होता, कारण ७ मधून २ गेले तरी ५ आणि १२ मधून ७ गेले तरी ५. म्हणून तपासणीची गणितं घाईत फळ्यावर लिहू नका. आदल्या दिवशी टाचण (उद्याच्या पाठाची टिपणं) काढताना प्रत्येक गणितात कोणती चूक कोणतं उत्तर देईल ते स्वतः करून बघा. पाच मिनिटं लागतात, आणि वीस गणितांच्या चाचणीपेक्षा अशी निवडलेली चार गणितं जास्त सांगून जातात.

मराठीतल्या संख्यावाचनाची एक खास अडचणही तपासा. 'सत्तावीस' म्हणताना सात आधी ऐकू येतो, लिहिताना मात्र दोन आधी येतो. म्हणून मूल ७२ लिहितं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस सात' अशी वाचनाची पद्धत आली आणि त्यावर बराच वाद झाला. वाद बाजूला ठेवला तरी अडचण खरी आहे. म्हणून दोन्ही बाजूंनी तपासा: संख्या सांगून लिहायला लावा आणि लिहिलेली संख्या वाचायला लावा. 'तीनशे सात' सांगितल्यावर ३००७ लिहिणारी मुलंही याच वेळी सापडतील. त्यांना स्थानिक किमतीचं काम हवं आहे.

चौथी पायरी: सगळं एका पानावर आणा

एक मोठा कागद घ्या. डावीकडे मुलांची नावं, वर स्तंभ: वाचनाचा टप्पा, अर्थ समजतो का, संख्यालेखन, बेरीज, वजाबाकी, आणि एक रुंद स्तंभ नुसता 'काय अडतं' असा. टप्पे पेन्सिलीनं लिहा, कारण ते बदलायला हवेत. शेवटच्या स्तंभात पूर्ण वाक्य नको. 'दशक कमी करायचं विसरते', 'जोडाक्षर अडतं', 'अर्थ नाही, घरी हिंदी' एवढं पुरे.

हे पान तुमच्या टाचणवहीत ठेवा. वर्गाच्या भिंतीवर लावू नका आणि पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर कधीच टाकू नका. आपलं मूल सगळ्यांसमोर 'अक्षर टप्प्यावर' दिसलं की आईबापांचं मन मोडतं आणि मूल शाळेला यायला बघत नाही.

पाचवी पायरी: गट पाडा, पण गट मुलाला चिकटू देऊ नका

पानावर एकदा नजर फिरवली की तीन-चार गट आपोआप दिसतात. भाषेचे गट वेगळे, गणिताचे वेगळे. गोष्ट वाचणारं मूल गणितात दशकावर अडलेलं असू शकतं. गटांना 'हुशार' आणि 'मठ्ठ' कळेल अशी नावं देऊ नका. मुलांना ती लगेच कळतात.

चाळीस मिनिटांच्या तासिकेत साधारण असं जमतं. सुरुवातीला दहा मिनिटं सगळ्या वर्गासाठी एकत्र काम. गोष्ट, गप्पा, तोंडी गणित. पुढची वीस मिनिटं गटकाम. यात तुम्ही एकाच गटाजवळ बसायचं. बाकीच्या गटांना असं काम द्या जे त्यांना तुमच्याशिवाय करता येतं. उरलेली दहा मिनिटं पुन्हा सगळे मिळून. ज्या गटाला तुमची सर्वात जास्त गरज आहे, त्याच्याजवळ आठवड्यात जास्त वेळा बसा.

आपल्या जिल्ह्यात द्विशिक्षकी शाळा बऱ्याच आहेत. तिथे हे आणखी सोपं जातं, कारण इयत्तेची भिंत आधीच पडलेली असते. तिसरी-चौथी एकत्र असेल तर वजाबाकीत अडलेली चौथीची दोन मुलं तिसरीच्या गटात काड्या घेऊन बसू शकतात, फक्त रोज तीच मुलं तिथे दिसू नयेत. तीन-चार आठवड्यांनी पुन्हा तपासा आणि गट मोडून नवे करा. दोन महिने गट तसेच राहिले असतील तर एक तर तपासणी झालेली नाही, नाहीतर त्या गटाला मिळणारं काम बरोबर नाही.

सहावी पायरी: रोजची छोटी तपासणी

मोठ्या तपासण्यांमधल्या दिवसांत पाटी कामाला येते. एक गणित किंवा एक शब्द सांगा, सगळ्यांना पाटीवर लिहून उलटी धरायला सांगा आणि 'दाखवा' म्हटलं की एकदम पाट्या वर. दहा सेकंदांत पूर्ण वर्ग दिसतो. कुणी शेजाऱ्याचं बघत नाही, कारण बघायला वेळच मिळत नाही. शाळा सुटण्याआधी रोज एक असा प्रश्न घ्या. चुकलेल्यांची नावं टाचणवहीच्या समासात लिहा. दुसऱ्या दिवशीचा पहिला दहा मिनिटांचा तुकडा त्यावरून ठरतो.

हजेरीही वाचायची गोष्ट आहे

हजेरीची टक्केवारी काढून आपण पुढे पाठवतो. पण मुलागणिक हजेरी वाचली तर वेगळंच दिसतं. पोळा, मारबत, तान्हा पोळा या दिवसांत सगळेच कमी असतात. त्या आठवड्यात नवा घटक सुरू करू नका. कापसाच्या वेचणीत, काटोल-नरखेडकडे संत्र्याच्या तोड्यात, भिवापूर-कुहीकडे मिरचीच्या तोडणीत ठरावीक मुलं गळतात. त्यांत धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी राहणाऱ्या मुलींचं प्रमाण जास्त असतं.

हजेरीपटाच्या तारखेखाली त्या दिवशी शिकवलेला घटक पेन्सिलीनं लिहून ठेवा. वजाबाकीत मागे पडलेलं मूल दशक सुटा करायला शिकवलं त्या तीन दिवसांत शाळेतच नव्हतं, हे मग लगेच सापडतं. अशा मुलाला अभ्यासात मंद म्हणणं हा अन्याय आहे. त्याला ते तीन तास परत द्यायचे असतात आणि गटकामात ते देता येतात. वीटभट्टीवरून मध्येच आलेल्या मुलासाठी हंगाम संपायची वाट बघू नका. ज्या दिवशी येईल त्याच दिवशी वाचन-गणिताची तपासणी करा, जो टप्पा दिसेल तिथून सुरू करा आणि निघताना त्याच्यासोबत टप्प्याची चिठ्ठी द्या. पुढच्या शाळेला तेवढा आधार होतो.

चाचण्यांचे गुण भरण्याआधी

वर्षाच्या सुरुवातीची पायाभूत चाचणी आणि सत्राअखेरच्या दोन संकलित चाचण्या यांचे गुण राज्याच्या विद्या समीक्षा केंद्राच्या चॅटबॉटवर भरावे लागतात. भरण्याआधी एक तास उत्तरपत्रिकांसोबत बसा. आडव्या ओळीत मुलं आणि उभ्या स्तंभात प्रश्नक्रमांक, चुकलेल्या ठिकाणी फक्त फुली. आडवं वाचलं की मूल दिसतं, उभं वाचलं की तुमचं शिकवणं दिसतं. २६ मुलांच्या वर्गात एक प्रश्न १९ जणांचा चुकला असेल तर तो घटक सगळ्यांना नव्यानं आणि वेगळ्या रीतीनं शिकवा. पाच-सहा जणांचा चुकला असेल तर तो एका गटाचा विषय आहे. एकदोघांचा असेल तर त्यांच्या बाकाजवळ दोन मिनिटं बसणं पुरतं.

शाब्दिक उदाहरण चुकलं असेल तर मुलाला तेच उदाहरण तुम्ही वाचून दाखवा. ऐकून सुटलं तर गणित येतं, वाचन अडतं. ऐकूनही सुटलं नाही तर गणितच शिकवायचं आहे. आणि गुण फुगवून भरू नका. पायाभूत चाचणीत खोटे गुण चढले की त्या मुलाची गरज कागदावरून नाहीशी होते आणि मग मदत मिळायचं काही कारणच उरत नाही.

वर्णनात्मक नोंदी

२० ऑगस्ट २०१० च्या शासननिर्णयापासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आपल्याकडे आहे. त्यात पहिली-दुसरीला आकारिकचा, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनाचा, भार ७० टक्के, तिसरी-चौथीला ६० टक्के आणि पाचवीला ५० टक्के ठरवला. म्हणजे वर्षभराच्या तुमच्या निरीक्षणाला लेखी परीक्षेइतकं किंवा तिच्याहून जास्त वजन आहे. तरी नोंदवह्यांत 'गणितात चांगली प्रगती', 'वाचनाची आवड आहे' अशी वाक्यं सगळ्या मुलांसमोर सारखीच असतात. त्याऐवजी असं लिहा: 'हातच्याची बेरीज बिनचूक. वजाबाकीत दशक सुटा करते, पण दशकस्थान कमी करायचं विसरते. काड्यांनी जमतं, वहीत अजून नाही.' सोबत तारीख. महिन्याला एका मुलाची एका विषयाची अशी एक नोंद झाली तरी पुरे. वर दिलेलं एक पान तुमच्याकडे असेल तर ही नोंद वेगळी शोधावी लागत नाही.

मुलाच्या बाहेरची कारणं

फळ्यावरून उतरवताना चुकतं पण पुस्तकातून उतरवताना चुकत नाही, अशा मुलाला पुढच्या बाकावर बसवून दोन दिवस बघा. फरक पडला तर डोळे तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं, त्यांच्यासाठी अशा मुलांची यादी तयार ठेवा. पाठीमागून हाक मारल्यावर वळत नसेल तर कान. सगळं करूनही अक्षरं महिनोन्‌महिने बसत नसतील तर गटसाधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना बोलवा आणि त्यांच्यासमोर तुमच्या तारखेसह घेतलेल्या नोंदी ठेवा. 'लक्षच देत नाही' एवढं सांगून त्यांना काहीच करता येत नाही.

पालकांशी बोलताना गुण सांगू नका, वही उघडा. "ही जुलैतली वजाबाकी, ही आताची. आता घरी बाजाराचा हिशेब करताना सुटे किती परत यायचे ते हिला विचारत जा, ताई." मजुरीवरून दमून आलेल्या आईला टक्केवारीपेक्षा हे लगेच कळतं आणि करताही येतं. केंद्राच्या शिक्षण परिषदेत जाताना दोन-तीन वह्या सोबत न्या आणि शेजारच्या शाळेतल्या शिक्षकांना विचारा की त्यांच्याकडे ही चूक कशानं सुटली. तिथे ऐकलेल्या एखाद्या युक्तीनं तुमचा आठवडा वाचतो.

एप्रिलमध्ये शाळा सकाळची झाली की एकदा शेवटची तपासणी घ्या आणि १ मेच्या निकालाआधी ते पान स्वच्छ लिहून काढा. प्रत्येक मुलासमोर तीनच गोष्टी: आता कोणत्या टप्प्यावर आहे, काय अडतं, काय केल्यावर जमलं. पुढच्या इयत्तेच्या शिक्षकाच्या हातात ते प्रत्यक्ष द्या आणि अर्धा तास बसून समजावून सांगा. तुमची बदली झाली तरी मुलाला जुलैत पुन्हा पहिल्यापासून तपासावं लागणार नाही.